नोटीस धाडण्याआधी: ब्रँड सांभाळणाऱ्या वकील मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

पत्र तुम्हाला आहे. पण त्यातले निम्मे बोल मलाही लागू आहेत, हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागात बसून किंवा बाहेरून त्यांचे वकीलपत्र घेऊन जी मंडळी ट्रेडमार्कचे अर्ज भरतात, दुसऱ्यांच्या अर्जांवर हरकती घेतात, नोटिसा धाडतात आणि ऑनलाइन बाजारातली लिस्टिंग उतरवून घेतात, त्यांच्यात मीही बरीच वर्षे होतो. "आमच्या अशिलाच्या असे निदर्शनास आले आहे की" इथून सुरू होणारी आणि "होणाऱ्या खर्चास व परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल" इथे संपणारी ती भाषा मला झोपेतही म्हणता येईल.

गेल्या काही वर्षांत हा कायदा बराच हलला. बनावट माल विकणाऱ्यांना गाठायला चांगली हत्यारे मिळाली. त्याच काळात न्यायालयांनी आपल्यालाही चार शब्द सुनावले: जेवढे वापरणार तेवढेच मागा, आणि जिथे गिऱ्हाईक फसत नाही तिथे धाक दाखवू नका. हत्यारे आपण त्याच दिवशी उचलली. सुनावलेले शब्द मात्र निकालांच्या संग्रहात जाऊन पडले. लिहायला बसलो तो त्या शब्दांसाठी.

स्कायच्या खटल्यापासून सुरुवात करतो. स्काय ही ब्रिटनमधली दूरचित्रवाणी आणि दूरसंचार सेवा देणारी कंपनी. स्कायकिक नावाची सॉफ्टवेअर कंपनी व्यवसायांचे ईमेल क्लाउडवर हलवून देई, त्यांचा बॅकअप ठेवी. स्कायने तिच्यावर दावा लावला. स्कायकिकने उलट विचारले, की तुमच्या नोंदणीत ज्या वस्तू लिहिल्या आहेत त्या विकायचा तुमचा इरादा तरी होता का? यादी उघडली तर तिच्यात ब्लीचिंगची द्रव्ये निघाली, उष्णतारोधक साहित्य निघाले, चाबूकही निघाले. दूरचित्रवाणीवाल्यांना चाबूक कशाला लागतो, हे तोवर कुणी विचारले नव्हते, म्हणून चालून गेले होते. शिवाय 'कम्प्युटर सॉफ्टवेअर' असा एकच शब्दप्रयोग होता, ज्याच्या पोटात आज जगातला निम्मा धंदा मावतो. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत जाऊन परत आले. शेवटी दोन्ही पक्षांनी आपसात मिटवले, तरीही प्रश्न सगळ्यांचा आहे म्हणून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिलाच. वापरायचा खरा इरादा नसताना, दुसऱ्यांना अडवायला हाताशी असावे म्हणून लांबलचक यादी नोंदवणे हा अप्रामाणिक हेतू ठरू शकतो, आणि तो हेतू नुसत्या यादीच्या पसाऱ्यावरूनही ओळखता येतो, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०२५ मध्ये तिथल्या नोंदणी कार्यालयानेही परीक्षकांना सूचना दिली, की अर्जातली यादी उघडपणे अवास्तव दिसली तर तिथेच आक्षेप घ्या.

हा निकाल वाचताना मला माझी एक जुनी फाईल आठवली. तेव्हा मी नवखा होतो. अशील मोठे होते, नाव घेत नाही. एका लहानशा उत्पादकाच्या नावात आमच्या अशिलाच्या नावातला एक शब्द होता. शब्दही असा, की कुठल्याही शब्दकोशात मिळेल. दोघांचा माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळे. पण आमच्या नोंदणीत त्याच्या मालाचा वर्ग होता (नोंदणीसाठी सगळ्या वस्तू आणि सेवा ठरावीक वर्गांत वाटलेल्या असतात), कारण अर्ज करताना कुणीतरी 'असू द्या' म्हणून घातला होता. त्या वर्गातली एकही वस्तू अशिलाने कधी बनवली नव्हती. मला ते माहीत होते. मी नोटीस लिहिली, आठ दिवसांची मुदत दिली. सहाव्या दिवशी उत्तर आले, वकिलाचे नव्हे, त्या माणसाचे स्वतःचे: नाव बदलले आहे, कृपया प्रकरण बंद करावे. आमच्याकडे त्या दिवशी कौतुक झाले. त्याने वकील केला असता आणि आमच्याकडे वापराचा पुरावा मागितला असता, तर आमच्या हाती दाखवायला काहीही नव्हते. त्याने मागितला नाही, कारण मागायचा खर्च त्याला परवडत नव्हता, आणि आमच्या पत्राचा सगळा जोर नेमका त्यावरच उभा होता.

तुम्ही म्हणाल, हा एखादा अपवाद. तर मग मॅकडोनाल्ड्सच्या बिग मॅक या बर्गरच्या नावाचे बघा. आयर्लंडच्या सुपरमॅक्स या खाद्यगृहांच्या साखळीने युरोपीय संघातल्या या नोंदणीला आव्हान दिले. जून २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने सांगितले, की चिकन सँडविचसाठी हे नाव सलग पाच वर्षे खरोखर वापरले गेल्याचे मॅकडोनाल्ड्सला सिद्ध करता आलेले नाही. पोस्टर होते, जाहिराती होत्या, पण माल किती आणि किती काळ विकला हे त्यांतून दिसत नव्हते. जगातल्या सर्वात परिचित नावांपैकी एक, आणि पुराव्याची बाजू अशी लंगडी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्याआधी २०२१ मध्ये त्याच कोर्टाने मोनोपॉली या खेळाच्या मालकांनाही ऐकवले होते. वापराचा पुरावा द्यायची वेळ येऊ नये म्हणून तेच नाव पुन्हा नव्याने नोंदवत राहणे हा अप्रामाणिक हेतू आहे, असे कोर्टाचे म्हणणे. तिथे नोंदणी पाच वर्षांची होईपर्यंत वापराचा पुरावा मागता येत नाही; तिचे वय पाच वर्षांखाली ठेवायची ही युक्ती आपल्या धंद्यात किती जण वापरतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात जगभरात ट्रेडमार्कचे सुमारे १ कोटी १६ लाख अर्ज झाले; वर्गांच्या हिशेबाने १ कोटी ५२ लाख. एवढ्या गर्दीत नव्या माणसाला साधे, लक्षात राहणारे नाव सापडणे मुश्कील झाले आहे. नोंदवह्या तणाने भरल्या, म्हणून सरकारांनाही खुरपणी सुरू करावी लागली. अमेरिकेत डिसेंबर २०२१ पासून कुणीही अर्ज करून म्हणू शकतो, की अमुक नोंदणीतली अमुक वस्तू कधी बाजारात आलीच नाही, ती काढा. आपले काही नुकसान झाले आहे हे त्याला दाखवावे लागत नाही. चीनने २०१९ च्या दुरुस्तीत वापरायचा हेतू नसलेले अप्रामाणिक अर्ज नाकारायची तरतूद केली. दुसऱ्याचे नाव आधी नोंदवून मग खऱ्या मालकाकडे पैसे मागणारे आयत्या बिळावरचे नागोबा सगळीकडे आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपण परिषदांतून तावातावाने बोलतो. बोलावेच. फक्त जे कधी विकणार नाही त्याच्यासाठी चाळीस वर्ग अडवून बसणारा आपला अशील त्यांच्यापेक्षा कुठे वेगळा आहे, याचे उत्तर मला अजून कुणी पटेल असे दिलेले नाही.

नोंदवता येण्याजोग्या गोष्टीही वाढत चालल्या आहेत. युरोपीय संघाने २०१७ मध्ये चिन्ह कागदावर रेखाटून दाखवायची अट काढली, तशी हालचालीची आणि ध्वनिचित्रांची चिन्हे येऊ लागली. टायरला दिलेला गुलाबाचा वास ब्रिटनमध्ये १९९६ मध्येच नोंदला गेला होता. तोच वास नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात पहिले गंधचिन्ह म्हणून स्वीकारला गेला, आणि तिथे तो कागदावर दाखवायला संशोधकांनी सात मितींचा आलेख काढून दिला. मला या आलेखाचे मनापासून कौतुक वाटते. पण कुंपण जितके लांब, तितकी ते घालणाऱ्याची जबाबदारी मोठी.

आता जिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, ते सांगतो. बनावट मालाचे दुखणे खरे आहे. ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना आणि युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२१ मधल्या बनावट मालाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा अंदाज ४६७ अब्ज डॉलर, म्हणजे जागतिक आयातीच्या २.३ टक्के, असा दिला आहे. यात नुसत्या पर्स आणि घड्याळे नाहीत. गाड्यांचे सुटे भाग आहेत, औषधे आहेत, प्रसाधने आहेत. बनावट ब्रेक पॅड विकणाऱ्याला माझ्याकडून कसलीही सहानुभूती नाही. पूर्वी तो सापडायचाच नाही. ऑनलाइन बाजार म्हणायचे, आम्ही फक्त जागा देतो. विक्रेता खोट्या नावाने आलेला असायचा, आणि एक दुकान बंद केले की दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या नावाने हजर. हे चित्र आता पालटते आहे. महागडे बूट बनवणारे लुबुटाँ विरुद्ध अॅमेझॉन या प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटले, की बाजारवाल्याने स्वतःचा आणि इतर विक्रेत्यांचा माल अशा रीतीने एकत्र मांडला, की सगळे तोच विकतो आहे असे गिऱ्हाइकाला वाटावे, तर उल्लंघनाचा दोष थेट त्याच्याच माथी येऊ शकतो. युरोपचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला, आणि विक्रेत्याची ओळख तपासून ठेवणे बाजारवाल्यांना बंधनकारक झाले. अमेरिकेतही जून २०२३ पासून ठरावीक उलाढालीवरच्या विक्रेत्यांची ओळख, बँक खाते आणि संपर्काचा तपशील गोळा करून पडताळावा लागतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये खेळाचे बूट-कपडे बनवणाऱ्या अम्ब्रोच्या जोड-हिऱ्याच्या चिन्हासंबंधीच्या खटल्यात आणखी एक गोष्ट मान्य केली: विकत घेताना नव्हे, पण नंतर कुणाच्या तरी पायातला बूट पाहताना होणारा गोंधळही उल्लंघनाच्या हिशेबात धरता येतो. (त्या खटल्यात मात्र चिन्हाचे मालक हरलेच. आपल्या मासिकांतल्या लेखांत ही ओळ सहसा तळाशी असते.)

अशा हत्यारांचे आपण काय केले? यंत्राच्या हाती दिली. चित्रे जुळवणारे आणि नावे शोधणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालते आणि सकाळी शेकडो तक्रारी आपोआप गेलेल्या असतात. माणूस त्या वाचत नाही, वाचायला बसला तर 'एवढ्या तक्रारी केल्या' हा महिन्याचा आकडा भरत नाही. अस्सल वस्तू जुनी झाल्यावर विकणारा उडतो, आणि त्याच्यावर आपला काहीही हक्क नसतो. एकदा आपण किंवा आपल्या संमतीने कुणी तो नग बाजारात विकला, की त्या नगापुरता आपला हक्क संपतो, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. 'अमुक मशीनला बसणारा सुटा भाग' असे खरेखुरे लिहिणारा उडतो, जरी भाग कशाला बसतो हे नाव घेतल्याशिवाय त्याला सांगताच येत नसले, आणि कायदाही ती मुभा देत असला. आणि तो बनावट ब्रेक पॅडवाला? नावातल्या एका अक्षराच्या जागी आकडा घालतो, चित्रातले चिन्ह पुसट करतो आणि यंत्राच्या चाळणीतून आरामात सुटतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या संन्याशाचे काय होते, तेही लिहून ठेवतो, कारण आपल्या अहवालात त्याला रकाना नसतो. लिस्टिंग जाते. तिच्यासोबत वर्षानुवर्षे जमवलेले अभिप्राय जातात. दोन-तीन तक्रारी साचल्या की खाते गोठते आणि खात्यातले पैसे अडकतात. दाद मागायची तर बाजारवाला म्हणतो, तक्रारदाराशी बोला. तक्रारदार म्हणजे आपला एक ईमेल पत्ता, जो कुणी उघडत नाही.

युरोपच्या त्याच डिजिटल सेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमाकडे मी तुमचे मुद्दाम लक्ष वेधतो. विश्वासू तक्रारदारांना प्राधान्य देणारे बाविसावे कलम आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. तेविसावे सांगते, की जो वारंवार उघडपणे निराधार तक्रारी करतो, त्याच्या तक्रारी हाताळणे आधी सूचना देऊन काही काळ थांबवा. या कलमाबद्दल मी आपल्यात कुणालाच बोलताना ऐकले नाही. कागदी नोटिशींचेही तेच. ब्रिटनमध्ये निराधार धमक्यांविरुद्ध दावा लावायचा हक्क जुनाच, २०१७ च्या कायद्याने त्याला नीट आकार दिला. भारताच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात १४२ वे कलम त्याच कामाचे आहे. ऑस्ट्रेलियातही अशी तरतूद आहे. ही कलमे फारशी वापरली जात नाहीत, कारण ज्यांना नोटीस जाते त्यांना ती ठाऊकच नसतात. माझ्या नोटिशीत तरी मी ती कधी लिहिली नव्हती.

आता आपला आवडता बचाव. "हक्क सांभाळला नाही तर जातो. म्हणून सगळ्यांना नोटीस द्यावीच लागते." हे मी इतक्या वेळा म्हटले आहे, की कधीकाळी मला ते खरेच वाटत होते. हक्क जातात, हे खोटे नाही. ॲस्पिरिन हे नाव अमेरिकेत १९२१ मध्ये सामान्य नाम ठरले, एस्कलेटर १९५० मध्ये, थर्मॉस १९६३ मध्ये. पण ती का गेली? लोकांना त्या वस्तूला दुसरे नाव माहीत नव्हते, आणि काही वेळा मालकांनी स्वतःच ते वस्तूचे नाव म्हणून वापरले. कुठल्यातरी लहान व्यावसायिकाला पत्र धाडायचे राहून गेले म्हणून नव्हे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने गूगलच्या बाबतीत तर असे म्हटले, की लोक ते क्रियापद म्हणून वापरतात एवढ्याने हक्क जात नाही. शोधयंत्र या वस्तूचेच ते नाव झाले आहे का, ते बघावे लागते. तेव्हा लक्ष ठेवा, नोंदी ठेवा, गरज असेल तिथे लिहा. पण लिहिण्याचेही प्रकार असतात. 'आमचे चिन्ह हे आहे, तुमच्या वेष्टनावरची अमुक गोष्ट जवळ जाते, बोलूया का' हे पत्रही हक्क सांभाळल्याचा पुरावाच आहे, आणि त्याला खर्चही कमी येतो. तीन पट्ट्या हीच ज्यांची खूण, त्या आदिदासने २०२३ मध्ये 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' या वर्णभेदविरोधी चळवळीच्या तीन पट्ट्यांच्या चिन्हाला हरकत घेतली आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. फोन उचलून बोलले असते, तर ती बातमीच झाली नसती.

विनोदाच्या बाबतीत मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे. जॅक डॅनियल्स व्हिस्कीच्या बाटलीसारखे दिसणारे कुत्र्याचे खेळणे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितले, की दुसऱ्याचे चिन्ह स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरले तर 'ही कला आहे' म्हणून वेगळी ढाल मिळणार नाही. बरोबरच आहे. पण त्याच निकालात हेही आहे, की गोंधळ होतो का हे ठरवताना थट्टेचे थट्टापण जमेला धरायचे. खालच्या न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत पुन्हा पाहिले तेव्हा गोंधळ होत नाही, पण चिन्हाची बदनामी होते, असा निष्कर्ष काढला. व्हिस्कीची अब्रू रबरी बाटलीने जाते, हे मला पचत नाही. अपिलांचा खर्च मात्र दोन्हीकडे खरा होता.

नुकसानभरपाईचे आकडे फुगवण्याबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये हेट्रॉनिकच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशाबाहेरच्या विक्रीवर तिथल्या कायद्याखाली हात टाकता येत नाही असे सांगितले, सुमारे ९.६ कोटी डॉलरचा निवाडा त्यामुळे पुन्हा उघडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ड्यूबेरीच्या खटल्यात ज्या भगिनी कंपन्यांना पक्षकारच केले नव्हते, त्यांचा नफा प्रतिवादीच्या नावावर लावता येणार नाही असे ठरले. अर्थ सरळ आहे: ज्याला धरले त्याच्याकडून, जिथे झाले तिथले घ्या.

माझे मागणे फार नाही. नव्या अर्जाची यादी अशिलासमोर बसून करा आणि प्रत्येक ओळीला विचारा, हे पुढच्या पाच वर्षांत विकणार आहात का. उत्तर 'बघू' असेल तर ती ओळ खोडा. नोटिशीत नुसता नोंदणी क्रमांक देऊ नका; त्या वर्गात चिन्ह शेवटचे कधी आणि कशावर वापरले, तेही लिहा. ते लिहिता येत नसेल तर नोटीस बहुधा धाडण्यासारखीच नाही. आठ दिवसांची मुदत फक्त बनावट मालासाठी ठेवा. नावाच्या वादाला महिना लागतोच. यंत्राने शोधलेली तक्रार माणसाने वाचल्याशिवाय जाऊ देऊ नका. आणि कामाचे मोजमाप किती लिस्टिंग उतरवल्या यावर करणाऱ्या वरिष्ठांना कधीतरी विचारा, त्यांतल्या किती खरोखर बनावट होत्या.

आणखी एक. बहुतेक मोठ्या ऑनलाइन बाजारांवर केलेली तक्रार मागे घ्यायची सोय असते. आपण चुकलो हे कळल्यावर ती वापरायला पाच मिनिटे लागतात, आणि समोरच्याचे खाते पुन्हा सुरू होते. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी ती दोनदा वापरली. चुका त्याहून पुष्कळ जास्त होत्या.

कळावे,

तुमच्यातलाच एक